मदत हवी आहे: क्रूझ रद्द करू की तारीख बदलू?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे. चौघांची मुंबई-गोवा क्रूझ एजंटकडून बुक केली होती, निघायला १९ दिवस उरलेत. परवा सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, धंतोलीत ॲडमिट आहेत. जायचा प्रश्नच नाही. एजंट म्हणतो, जितका उशीर तितकी कपात जास्त, अन् तारीख बदलायची तर भाड्यातला फरक भरा. पोर्ट चार्जेस तरी परत मिळायला हवेत ना? जहाजावर चढलोच नाही तर ते कशाचे?

प्रवास विमा काढलाय, पण सासरे आमच्यासोबत येणार नव्हते, शिवाय त्यांचं बीपी जुनंच. अशा वेळी क्लेम कोणाला मिळालाय का? डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून घ्यावं? विदर्भ एक्सप्रेसची तिकिटं कालच रद्द केली. तिथे निदान किती कापणार ते आधी कळतं तरी!