पोक्त, प्रौढ की समंजस? वयाबरोबर पालटणाऱ्या स्वभावाचे शब्द

टीपकागद
स्वभावाविषयीच्या एका इंग्रजी प्रश्नावलीचं मराठीकरण चालू आहे. उत्तरं देणारे 16 ते 80 वयाचे. ‘मॅच्युरिटी’साठी पोक्तपणा, प्रौढत्व आणि समंजसपणा असे तीन शब्द समोर आहेत. कोणता घ्यावा? ‘पर्सनॅलिटी’ला व्यक्तिमत्त्व आणि ‘टेम्परामेंट’ला स्वभाव चालेल का? आणि अहवालाचं शीर्षक ‘वयोपरत्वे स्वभावबदल’ ठेवावं का?

कानामात्रा
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘वयोपरत्वे’ सर्रास छापलं जातं, पण संधी चुकलेली आहे. वयस् शब्दातल्या विसर्गाचा ‘ओ’ होतो तो पुढे मृदू व्यंजन आलं तर: वयोगट, वयोमान, वयोवृद्ध, वयोमर्यादा. ‘प’ कठोर आहे, म्हणून वयःपरत्वे. नाहीतर मराठी ‘वय’लाच प्रत्यय लावून वयपरत्वे. शिवाय निधनवार्तांनी हा शब्द इतका वापरलाय की वाचणाऱ्याला पुढे ‘निधन’ येणार असंच वाटतं. शीर्षकात नकोच.

पोक्त हा फारसी ‘पुख्ता’, म्हणजे शिजलेला, पिकलेला. प्रौढ संस्कृत: प्र + ऊढ, मुळात वह् धातू. प्रौढ हा आज निव्वळ वयाचा शब्द झाला आहे. प्रौढ मताधिकार, प्रौढ साक्षरता वर्ग, इथे कोणी कोणाची अक्कल तपासत नाही. त्याच्याच घरातली ‘प्रौढी’ तर मिरवायची गोष्ट. तेव्हा ‘तुमच्यात प्रौढत्व किती?’ असं विचारलंत, तर लोक वय सांगतील.

समंजस वयापासून मोकळा आहे, पण बोलण्यात त्याचा अर्थ आक्रसलाय. दोन भावांत समंजस कोण? बहुतेक वेळा, ज्याने पडतं घेतलं तो.

उंबरठा
पोक्तमध्ये दुसरी मेख आहे. आठ वर्षांची मुलगी पाहुण्यांना न सांगता पाणी आणून देते, तिला पोक्त म्हणतात. पन्नाशीच्या बाईने तेच केलं तर हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. पोरकटचं उलट. पाच वर्षांच्या पोराला पोरकट म्हणता येत नाही, त्यासाठी वयाने पोर असण्याच्या पलीकडे जावं लागतं. या दोन्ही शब्दांच्या पोटात ‘या वयाला काय शोभतं’ ही मोजपट्टी आधीच बसलेली आहे.

प्रश्नावलीत यानेच घोटाळा होतो. ‘मी पोक्त आहे’ या विधानाला 20 वर्षांचा मुलगा 5 पैकी 4 देतो, कारण तो मित्रांशी तुलना करतो. 60 वर्षांचे गृहस्थही 4 देतात, कारण ते त्यांच्या कट्ट्यावरच्या मंडळींशी तुलना करतात. म्हणजे दोन वयोगटांत जो फरक मोजायचा, तोच पुसला जातो. पोक्त, अल्लड, पोरकट, थोराड हे सगळे शब्द विधानांतून काढा आणि वागणं लिहा, वारंवारतेसकट: ‘ठरलेल्या तारखेला बिल भरलं जातं’, ‘हाती घेतलेलं काम अर्धवट राहतं’. पर्याय ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच. वाक्यरचना अशी ठेवली की करतो/करते हा घोळही टळतो. तिरकी रेघ मारून दोन्ही रूपं छापली की वयस्क वाचक अडखळतात. आणि ‘काम अर्धवट सोडत नाही’ असं विधान ‘कधीच नाही’ या पर्यायासमोर ठेवू नका. दोन नकार समोरासमोर आले की उत्तरं उलटी पडतात.

मराठी मसुदा तयार झाल्यावर मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून तो परत इंग्रजीत करून घ्या. जिथे ‘कॉन्शियन्शस’चं ‘कॉन्शन्स’ झालेलं दिसेल, तिथे शब्द फसला.

टीपकागद
तिथेच फसलाय. ‘कॉन्शियन्शसनेस’ला आम्ही ‘सदसद्विवेक’ घेतलं होतं.

उंबरठा
बदला. सदसद्विवेक म्हणजे बरंवाईट ओळखणारी बुद्धी. इथे मोजतात ते टापटीप, वक्तशीरपणा, घेतलं काम तडीस नेणं. ‘कर्तव्यदक्षता’ जवळचा आहे, पण त्याला पोलीस पदकाचा वास येतो. सामान्य वाचकासाठी ‘नेटकेपणा आणि चिकाटी’ असं जोडनाव मी घेईन. ‘अग्रीएबलनेस’ला मनमिळाऊपणा नको. लग्नाच्या जाहिरातीतली प्रत्येक मुलगी मनमिळाऊ असते, आणि त्यात गप्पिष्टपणाही मिसळतो. तो बहिर्मुखतेचा भाग, वेगळा मोजायचा. ‘जुळवून घेण्याची वृत्ती’ लांब आहे, पण अर्थ बरोबर पोचवते.

तुमच्या ‘मॅच्युरिटी’चं उत्तरही इथेच आहे. मानसशास्त्रात वयाबरोबर येणारी परिपक्वता म्हणतात ती एकच वस्तू नाही. 2006 मध्ये रॉबर्ट्स, वॉल्टन आणि व्हीख्टबावर यांनी 92 नमुन्यांचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले. त्यात नेटकेपणा आणि भावनिक स्थैर्य वाढताना दिसलं, विशेषतः 20 ते 40 या वयात. जुळवून घेणं मात्र उतारवयात ठळकपणे वाढलं. नव्या अनुभवांची ओढ कुमारवयात वाढते आणि म्हातारपणी उतरते. म्हणून अहवालात एकदाच ‘परिपक्वता’ हा कोरडा शब्द घ्या, लगेच त्याचे घटक सांगा आणि पोक्तपणाला हात लावू नका.

पाटीपेन्सिल
शीर्षकाबद्दल. ‘वयानुसार फरक’ आणि ‘वयाबरोबर बदल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच महिन्यात 20, 40 आणि 60 वर्षांच्या लोकांकडून फॉर्म भरून घेतले, तर हाती येतो तो फरक. आजचे साठीचे लोक विशीत कसे होते, हे त्यातून कळत नाही. ते वेगळ्या काळात वाढले. तीच माणसं वीस वर्षांनी पुन्हा गाठली तरच ‘बदल’ म्हणता येईल. तुमची पाहणी एकदाच होणार असेल तर ‘स्वभावबदल’ हा शब्दच चुकीचा आहे.

बदलाचेही दोन प्रकार, आणि मराठीत त्या दोहोंसाठी दोन म्हणी आहेत हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. शाळेतली उंचीची रांग डोळ्यासमोर आणा. पाचवी ते दहावी सगळ्यांची उंची वाढते, हा सरासरीचा बदल. पण रांगेत कोण कोणाच्या पुढे, हे फारसं हलत नाही. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण रांगेबद्दल बोलते, ‘वय झालं की निवतो’ हे सरासरीबद्दल. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. रॉबर्ट्स आणि डेलव्हेकिओ यांनी 2000 साली 152 अभ्यास जमवले, तेव्हा रांगेचं स्थैर्य बालपणी सुमारे 0.31, कॉलेजच्या वयात 0.54, तिशीला 0.64 आणि 50 ते 70 दरम्यान 0.74 असं निघालं. पूर्ण स्थिर असतं तर 1 आलं असतं. म्हणजे ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण बरीच पुढे धावते.

कानामात्रा
पाळण्यावरून ‘टेम्परामेंट’. त्याला ‘प्रकृती’ घेऊ नका, वाचक तब्येतीकडे जाईल. ‘जन्मजात वृत्ती’ किंवा ‘उपजत स्वभाव’ बरं. तान्ह्या मुलांसाठी मराठीत शब्द मुबलक आहेत: किरकिरं, रडवं, चळवळं, बुजरं, गुणी.

उंबरठा
आणि ते अभ्यासाशी बऱ्यापैकी जुळतात. 1956 मध्ये न्यूयॉर्कला थॉमस आणि चेस यांनी सुरू केलेल्या अभ्यासात नऊ पैलू पाहिले होते: चळवळ, झोपेभुकेची नियमितता, नव्याला सामोरं जाणं वगैरे. सुमारे 40 टक्के मुलं सोपी, 10 टक्के अवघड, 15 टक्के सावकाश रुळणारी. उरलेली 35 टक्के कशातच नीट बसली नाहीत. ‘सावकाश रुळणारं’ला बुजरं म्हणणं मात्र थोडं अन्यायाचं. बुजणारं जनावर मागे सरतं. हे मूल वेळ दिला की पुढे येतं.

पाटीपेन्सिल
वयाच्या टप्प्यांची नावंही तपासून घ्या. संस्कृतातल्या एका जुन्या वाटणीत कौमार पाचव्या वर्षापर्यंत, पौगंड दहाव्यापर्यंत, कैशोर पंधराव्यापर्यंत. मराठीत पौगंड आणि कुमार दोघेही वर सरकून ‘वयात येण्या’ला चिकटले. पौगंडावस्था म्हटलं की आज मिसरूड आणि मुरुमं आठवतात. 16 वर्षांच्या गटाला ‘कुमारवयीन’ लिहा, सरळ कळतं.

चरकाच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, तिसाव्या वर्षापर्यंत मन ‘प्रायेण अनवस्थित’, म्हणजे बहुधा अस्थिर, असं म्हटलंय. आपली गद्धेपंचविशी त्यापेक्षा पाच वर्षं कडक. (ती बहुतेक मुलग्यांनाच लावतात, मुलींच्या वाट्याला ‘अल्लड’ येतो, आणि त्यात कौतुक असतं.)

टीपकागद
80 च्या बाजूला ‘हेकट’ आणि ‘म्हातारचळ’ हे शब्द मोकळ्या उत्तरांत वारंवार आले आहेत. एकाच खान्यात टाकू का?

उंबरठा
नको. हेकट हा स्वभाव, माणूस चाळिशीतही हेकट असतो. ‘चळ’ म्हणजे ढळणं. त्यात आधी नसलेलं काहीतरी सुरू झाल्याची तक्रार आहे. ‘साठी बुद्धी नाठी’मधली ‘नाठी’ म्हणजे नष्ट, ती बुद्धीची गोष्ट झाली, तिसरा खाना. म्हातारचळ लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न हवाच: हे किती दिवसांत झालं? स्वभाव वर्षानुवर्षांत सरकतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस बदलला असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नवं औषध, नैराश्य अशी कारणं असू शकतात आणि डॉक्टरांना दाखवावं लागतं. ऐकू कमी येणारा माणूसही घरच्यांना हेकट वाटतो, कारण त्याला निम्मंच ऐकू आलेलं असतं. 45 ते 65 दरम्यान वागणं हळूहळू पण ठळकपणे सुटत गेलं, लाजलज्जा न उरणं, आपल्या माणसांबद्दल थंडपणा, तर मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंशही असू शकतो. त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी राहते, म्हणून घरचे ‘चळलाय’ म्हणून सोडून देतात.

कानामात्रा
गट पाडताना एवढं सांभाळा. ‘तिशीतला’ म्हणजे 30 ते 39, ‘तिशीचा’ म्हणजे तीसच्या आसपास, आणि ‘तिसावं लागलं’ म्हणजे 29 पूर्ण. ‘वय’ एवढंच विचारलं तर जुनी मंडळी लागलेलं वर्ष लिहितात, तरुण पूर्ण झालेलं. रकान्यावर ‘जन्मवर्ष’ छापा, वजाबाकी तुम्ही करा.