रोजच्या इंग्रजी शब्दांनी घातलेली कोडी : अनुभव धागा

अवघड शब्दासाठी आपण शब्दकोश उघडतो. रोजचा शब्द मात्र ओळखीचा वाटतो म्हणून तसाच पुढे जाऊ देतो आणि घोळ तिथेच होतो. असा शब्द आपल्याला कुठे भेटला आणि त्याचा उलगडा कसा झाला, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिक्षिका, सातारा जिल्हा :
मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. लिहिलेले अक्षर वाचायचेच, ही देवनागरीची सवय असलेली मुले ‘डाउट’ आणि ‘डेट’ (कर्ज) यांतला ‘बी’ मोठ्याने उच्चारतात, आणि त्यात त्यांचा दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. हे शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्यांत ‘बी’ नव्हता. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावे म्हणून तो लिखाणात घातला, पण लोकांच्या तोंडी तो कधी रुळला नाही. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण त्या अस्सल इंग्रजी शब्दाचे नाते फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’ (बेट) या शब्दाशी जोडले गेले. ‘नाइफ’मधला ‘के’ मात्र एके काळी खरोखर उच्चारला जात असे. इंग्लंडमध्ये १४७६ साली छापखाना आला, त्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिरावले आणि उच्चार बदलतच राहिले. ही हकीकत ऐकल्यावर मुले अशी मुकी अक्षरे स्वतः हुडकून आणतात.

परिचारिका, इंग्लंड :
आपल्याकडे ‘पास आउट झाला’ म्हणजे शिक्षण पूर्ण झाले; येथे त्याचा अर्थ शुद्ध हरपली. ‘कम राउंड’ म्हणजे शुद्धीवर येणे, ‘थ्रो अप’ म्हणजे उलटी होणे. वैद्यकीय परिभाषा मी पुस्तकातून शिकले होते, परंतु रुग्ण आपले दुखणे या छोट्या शब्दांतच सांगतात आणि ते ऐकूनच शिकावे लागतात.

अनुवादक, मुंबई :
‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि निर्बंधही. अहवालात असे शब्द आले की मागचीपुढची वाक्ये वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही.

परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणारे, पुणे :
साताऱ्याच्या शिक्षिकांना एक पुरवणी. माझे विद्यार्थी ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकसारखा वाचतात. ‘जग’ हा शब्द दुनियेसाठी एका ‘ज’ने आणि जगण्यासाठी दुसऱ्या ‘ज’ने म्हणावा लागतो, हे लिपी त्यांना सांगत नाही. आपल्या मुलांनाही हे जरूर दाखवावे.

दूरध्वनीवरील ग्राहकसेवा, नाशिक :
‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे शब्दाच्या एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर; ‘परमिट’ आणि ‘ऑब्जेक्ट’ यांचेही तसेच. मराठीत जोर बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे वळतच नाही. नवा शब्द वहीत उतरवताना मी आता जोराच्या अवयवाखाली रेघ ओढतो. ‘हॉटेल’ आणि ‘डेव्हलप’ या दोन्हींत ती दुसऱ्या अवयवाखाली येते.