पहिला नंबर माझा लागला, पण पोरगा परदेशी. घ्यावा का?

कपाशी_आणि_थ्री_पॉइंटर (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. आमचा चौघांचा एक खेळ आहे. दरवर्षी एनबीए ड्राफ्टच्या आधी (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ नंबरानं नवे खेळाडू निवडतात तो दिवस, बहुतेक जूनमध्ये) चिठ्ठ्या टाकायच्या, त्या नंबरानं एकेकानं नवे पोरं निवडायचे, नावं वहीत लिहायची आणि तीन वर्षांनी हिशेब. हरला त्यानं बाकीच्यांना वणीला नेऊन तर्री-पोहे चारायचे. २०१८ पासून ही वही चालू आहे.

यंदा पहिली चिठ्ठी माझी निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पेरणी तोंडावर, सरकीच्या थैल्या अजून आणायच्या आहेत, आणि मी बांधावर बसून बास्केटबॉलचा विचार करून राहिलो.

डोक्यात युरोपातला एक पोरगा बसला आहे. नाव सांगत नाही, बाकीचे तिघे इथं चोरून वाचतात. एकोणीस वर्षांचा आहे, तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. दुसरीकडे अमेरिकन कॉलेजचा एक गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा. त्याचे मार्चमधले सगळे सामने मी मोबाइलवर पाहिले. युरोपवाल्याचं काय पाहिलं? खरं सांगतो, अकरा मिनिटांची एक क्लिप, त्यातही मागं ढोल वाजत होता.

माझा इतिहासही ऐका. २०१८ ला माझा नंबर दुसरा होता. फिनिक्सच्या संघानं पहिला घेतला तोच एटन आमच्या पहिल्यानं लिहिला. मी लिहिला मार्विन बॅगली, का तर सॅक्रामेंटोही त्यालाच घेणार असं बोललं जात होतं आणि तिथले मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. मराठी आडनाव पाहून मी भरोसा टाकला. स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच तिसऱ्या नंबरावर माझ्या डोळ्यांदेखत गेला. तो त्याच वर्षी स्पेनच्या रिआल माद्रिदकडून युरोलीग, म्हणजे युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा, जिंकून, तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरून आला होता, तेही १९ व्या वर्षी. मी म्हटलं, युरोपात काय कोणीही खेळते. पोह्यांचे पैसे मीच भरले.

आता उलटं ऐका. २०२४ ला अटलांटानं पहिल्या नंबरावर फ्रान्सचा रिसाशे घेतला, आमच्यातल्या कृषी केंद्रवाल्यानंही तोच लिहिला. मी लिहिला कॉलेजचा स्टीफन कॅसल, जो प्रत्यक्षात चौथा गेला. कॅसल रूकी ऑफ द इयर, म्हणजे त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू, झाला. तेव्हापासून कृषी केंद्रवाला म्हणतो, "उगवण न पाहिलेलं बियाणं पहिल्या पावसात टाकू नये."

तर पहिला नंबर परदेशी पोरावर लावावा का?

पोट्टा_दारव्ह्याचा

भाऊ, एकच नाव सांगतो. सर्बियाचा डार्को मिलिचिच. २००३ ले डेट्रॉइटनं दुसऱ्या नंबरावर घेतला. त्याच्या मांगं कोण होते? कार्मेलो अँथनी तिसरा, क्रिस बॉश चौथा, ड्वेन वेड पाचवा. तिघंबी हॉल ऑफ फेममधी, म्हंजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेले. आन् डार्को पहिल्या वर्षी सामन्याले दीड गुणबी नाई. कॉलेजचा पोट्टा आपण पाह्यला आहे, कोठी पडते, कोठी उठते समजते. क्लिपमधी तर मीबी डंक मारतो.

शेवटचा_तास_पीटीचा

डार्को खरा, पण अर्धाच सांगितला. त्याला घेणारी डेट्रॉइट इतकी भक्कम होती की पुढच्याच वर्षी, २००४ ला, चॅम्पियन झाली. अठरा वर्षांच्या पोराला उतरवायची त्यांना गरजच नव्हती. बाकावर बसून खेळ येत नाही. माझ्या शाळेतली राखीव पोरं पाण्याच्या बाटल्या भरण्यात तेवढी तरबेज झालीत.

चीनचा याओ मिंग घ्या. २००२ ला ह्यूस्टननं पहिल्या नंबरावर घेतला तेव्हा तो शांघायकडून मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळून आणि सिडनी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या अंगावर जाऊन आला होता. आठ वेळा ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात निवड), २०१६ ला हॉल ऑफ फेम. त्याचं परदेशीपण आड आलं नाही, आड आले पाय. २०११ ला थांबावं लागलं. उलट २००६ चा बार्न्यानी. टोरंटोनं पहिल्या नंबरावर घेतलेला इटालियन, सात फूट उंच, बाहेरून नेम चांगला, पण रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, हात जाईना. त्याच्या मागोमाग दुसऱ्या नंबरावर गेलेला लामार्कस ऑल्ड्रिज कितीतरी पुढे गेला. म्हणून मी पोरगा कुठला हे विचारतच नाही. कोणाविरुद्ध खेळला, आणि किती वेळ?

आणखी एक, जे कोणी मोजत नाही. फिबाची (जागतिक बास्केटबॉल संघटनेची, युरोपात तीच चालते) तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर आणि सामना ४० मिनिटांचा. एनबीएची रेषा मधोमध ७.२४ मीटर, सामना ४८ मिनिटांचा. लोक लगेच म्हणतात, युरोपवाल्याला जमणार नाही. अहो, अमेरिकन कॉलेजची रेषाही २०१९ पासून ६.७५ वरच आहे आणि सामना तिथंही ४० मिनिटांचाच! म्हणजे त्या अंगणात तुमचे दोन्ही उमेदवार पाहुणेच. फरक इतकाच की एकाला वीस-बावीसच्या पोरांनी धक्के दिले, दुसऱ्याला तीस-पस्तीसच्या बाप्यांनी.

क्लिप बंद करा, पूर्ण सामना पाहा. चौथ्या क्वार्टरमध्ये कोच त्याला मैदानावर ठेवतो का, आणि फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे फेक) किती टाकतो, एवढंच बघा. फ्री थ्रोची रेषा सगळ्या जगात सारख्याच अंतरावर असते.

एका निवड चाचणीला मी मेळघाटातला एक उंच पोरगा नेला होता. निवडणाऱ्यानं विचारलं, "याला कोणी पाहिलंय का?" कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला चार मिनिटं दिली. आता तो ट्रॅक्टर चालवतो. माझ्याकडून मात्र अजून हरत नाही.

संत्राबाग_वरुड

डार्कोचा विषय निघालाच आहे तर सांगतो, खेळ सोडून तो सर्बियात सफरचंदाची बाग करते. हे वाचल्यापासून मले तो माणूस आवडते.

आता कलमाचं ऐका. नर्सरीत गेलं की नवा माणूस हिरवीगार पानं पाहून कलम उचलते. आमी खाली वाकतो. खुंट जंभेरीचा आहे का, डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर बांधला आहे का, हे पाहतो. डोळा मातीले टेकला की दोन पावसाळ्यांत डिंक्या (खोडातून डिंक गळते तो रोग) लागते, मग पानं कितीबी हिरवी असोत. नर्सरी कोणत्या गावची हे नंतर इचारायचं. तुमच्या अकरा मिनिटाच्या क्लिपमधी फक्त पानं आहेत, भाऊ.

पोट्टा_दारव्ह्याचा

संत्रावाले काका, २०१३ चा बेनेट कोठी टाकता? क्लीव्हलँडचा पहिला नंबर. कॅनडाचा, म्हणजे परदेशी. पण शिकला अमेरिकेच्या कॉलेजात, समद्यायनं पाह्यलेला. तरी फसला. त्याच ड्राफ्टात यानिस, जो नंतर एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पंधरावा गेला, तो तर ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधी खेळत होता. सरांचं मोठ्या माणसाचं गणित तेथी लागत नाई.

शेवटचा_तास_पीटीचा

लागत नाही, कबूल. पण यानिसचं पहिल्या वर्षी सामन्याला ६.८ गुणांची सरासरी होती. पंधराव्या नंबरावर थांबायला वेळ असतो. पहिल्या नंबरावर मालक सकाळ-संध्याकाळ हिशेब मागतो.

कपाशी_आणि_थ्री_पॉइंटर

सर, काल रात्री गोठ्यातल्या खाटेवर पूर्ण सामना पाहिला. दोनदा रिचार्ज संपला, मायच्या मोबाइलवरून नेट घेतलं. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यानं लागोपाठ दोनदा बॉल घालवला, एकदा तर सरळ समोरच्याच्या हातात दिला. मला वाटलं, बसवते आता. कोचनं बसवलं नाही. नंतर एका दाढीवाल्या बाप्यानं त्याला असा खांदा मारला की तो जाहिरातीच्या फळीवर आदळला. उठला, फ्री थ्रोला आला, बॉल तीनदा आपटला, बाहीनं नाक पुसलं आणि दोन्ही टाकले. ढोलवाल्या क्लिपमध्ये हे काहीच नव्हतं.

आमचा हिशेब तीन वर्षांचा आहे, मालकाचा नाही. डार्कोसारखा बाकावर बसला तर पोहे मी चारीन. वहीत त्याचंच नाव लिहिलं. कृषी केंद्रवाल्यानं नाव वाचलं आणि म्हणाला, "पावती जपून ठेव."

ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते आणि आमच्या फिडरची लाइट त्याच वेळेस जाते. कोणाकडे इन्व्हर्टर असेल तर पहिलं नाव येताच इथं टाका. मी डवरं जुंपायच्या आधी पाहून घेईन.