जर्मनीत एमएस : कन्सल्टंट घ्यावा की आपणच करावं?

औंधकरीण
लेक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुणे विद्यापीठाचं कॉलेज, सहाव्या सेमपर्यंत सीजीपीए ८.२. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत एमएसला जायचं तिच्या डोक्यात आहे. परवा आम्ही दोघी डेक्कनला एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. एसी, कॉफी, भिंतभर व्हिसा लागलेल्या मुलांचे फोटो. दोन पॅकेजं सांगितली. एक 'फ्री', पण त्यात त्यांनी सुचवलेल्या तीन विद्यापीठांतच अर्ज करायचा. दुसरं ९५ हजारांचं, त्यात आपण म्हणू तिथे. फ्रीवाल्या यादीतलं एकही नाव लेकीच्या सरांनी ऐकलेलं नव्हतं.

अहोंचं म्हणणं, पैसे भरा आणि मोकळे व्हा. लेक म्हणते, आई, फॉर्मच तर भरायचेत. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे. सुरुवात कुठून करावी? जर्मन किती शिकावं लागेल? कर्ज काढायचं तर सिंहगड रोडला एक छोटा फ्लॅट आहे, तो तारण ठेवता येईल का? अनुभवी मंडळींनी सांगावं.

खवचट_पेठकर
काकू, फ्री पॅकेज कधीच फ्री नसतं, पैसे कोण देतं एवढंच वेगळं असतं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, खाजगी देतात. ती तीन नावं कुठून आली ते यातच आलं. खाजगीची फी वर्षाला हजारो युरो. मग एवढं करून जर्मनीच का, हा प्रश्न उरतोच.

स्टुटगार्ट_मुक्काम
ताई, दोन वर्षांपूर्वी मी हेच सगळं कन्सल्टंटशिवाय केलं. लेकीचं बरोबर आहे, पण अर्धंच. फॉर्म सोपे आहेत, वेळ जातो तो कागदांत. त्यामुळे विद्यापीठांची यादी करण्याआधी एपीएसकडे, म्हणजे कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडे बघा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसच्या सर्टिफिकेटशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्जच करता येत नाही. फी १८ हजार रुपये. दिल्लीहून तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत की नाहीत ते तपासतात. शेवटच्या वर्षात असताना कोणते कागद चालतात ते त्यांच्या साइटवर आहे, लेकीला आजच वाचायला सांगा. आमच्या बॅचमधली दोन मुलं 'ॲडमिशन आली की करू' म्हणत बसली. ॲडमिशन आली, एपीएस आलं नाही, सेमिस्टर हुकलं.

आता ८.२ चं जर्मन भाषेत काय होतं ते बघा, कारण इथे फसगत होते. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. सूत्र असं : सर्वोच्च गुणांतून आपले वजा करायचे, त्याला सर्वोच्च वजा किमान पासने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. १० पैकी ८.२, किमान पास ४ धरला तर १.९ येतं. कुणी किमान पास ५ धरला की तेच २.१ होतं! बऱ्याच कोर्सेसना २.५ ची अट असते, तिथे फरक पडत नाही. पण जिथे चुरस आहे तिथे हा दशांश महागात पडतो. म्हणून किमान पास ग्रेड किती ते कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या कागदावर छापील असू द्या. ट्रान्सक्रिप्ट मागवतानाच बघा, नंतर नाही. कोर्स शोधायला डीएएडीची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणाऱ्या जर्मन संस्थेची साइट पुरेशी आहे.

काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही युनि-असिस्ट या अर्ज गोळा करणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत. युनि-असिस्टची पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३० युरो फी. म्हणजे सहा ठिकाणी टाकलं तरी २२५ युरो. ९५ हजारांशी तुलना तुम्हीच करा. शेवटच्या तारखा मात्र कोर्सगणिक वेगळ्या. सगळीकडे १५ जुलै असं ऐकाल, त्यावर विसंबू नका. कित्येक चांगल्या मास्टर्सच्या तारखा मार्च ते मेमध्येच संपतात.

फुकट शिक्षण हेही सरसकट खरं नाही. मी बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आहे, इथे युरोपबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टीयूने (टेक्निकल युनिव्हर्सिटी) ही २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून फी लावली. बाकी बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, नुसती सेमिस्टरची वर्गणी.

रानडेवाली
जर्मनबद्दल : इंग्लिश माध्यमाच्या एमएसला भाषेची अट बहुधा नसते, आयईएल्टीएस किंवा टोफेल लागतं. दोन्हींचा स्कोअर दोनच वर्षं चालतो, फार आधी देऊन ठेवू नका. तरीही मी म्हणेन, ए२ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत तरी शिकू द्या. पुण्यात राहून जर्मन न शिकणं म्हणजे कोकणात राहून पोहता न येणं. एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूट आहे, बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवन आहे. पार्ट टाइम नोकरी आणि खोली, दोन्ही जर्मन येणाऱ्याला लवकर मिळतात.

निवृत्त_बँकवाला
कर्जाचं मी सांगतो, बत्तीस वर्षं हेच केलं. सहसा साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. सिंहगड रोडचा फ्लॅट म्हणालात, तर आधी एकच गोष्ट बघा : इमारतीला बांधकाम परवानगी आणि भोगवटापत्र आहे का? की गुंठेवारीतली, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडलेल्या जमिनीवरची आहे? गुंठेवारीतली असेल तर बहुतेक बँका हात लावत नाहीत, मग रिक्षा करून दहा शाखा फिरलात तरी. शेतजमीनही चालत नाही, सातबारा घेऊन येणारे कितीतरी पालक मी परत पाठवलेत, वाईट वाटायचं. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं ना हरकत पत्र एका फाइलीत आताच काढून ठेवा. शोधवृत्तान्ताला, म्हणजे मालकी तपासून अहवाल द्यायलाही वकील वेळ घेतो.

हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज अधूनमधून भरत राहा. जुन्या कररचनेत आयकराच्या कलम ८०ई खाली ते वजा मिळतं, नव्यात नाही. आणि बँकेच्या कर्जातून पैसे परदेशी पाठवले तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर) नाही. स्वतःच्या खिशातून वर्षाला १० लाखांच्या वर गेलात की लागतो. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो.

स्टुटगार्ट_मुक्काम
काकांना दुजोरा. व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, त्याची रक्कम सध्या ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२ प्रमाणे तिथे पोचल्यावर मिळते. एकरकमी भरावी लागते, त्यामुळे दहा लाखांची रेघ सहज ओलांडली जाते. फिनटिबा, एक्सपाट्रिओ वगैरे ऑनलाइन उघडून देतात. व्हिसाचा अर्ज आता पोर्टलवर ऑनलाइन होतो, मग व्हीएफएसला, म्हणजे व्हिसा केंद्रात, बोटांचे ठसे. व्हिसाची फी ७५ युरो. आणि एक बदल ज्येष्ठांना माहीत नसतो : व्हिसा नाकारला की पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो १ जुलै २०२५ पासून बंद झाला. आता नव्याने अर्ज, नाहीतर कोर्ट. म्हणजे पहिल्याच वेळी नीट.

मुंढव्याच्या_रांगेतला
सगळ्यांनी मोठ्या गोष्टी सांगितल्या, मी नावाचं सांगतो. आपल्याकडे मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. हे एवढं चालतं, सगळ्या महाराष्ट्राचं तसंच आहे. स्पेलिंग मात्र चालत नाही. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात 'डबल ई' होता, पासपोर्टवर एकच 'आय'. मी म्हटलं कोण बघतंय. बघितलं. शिवाजीनगर कोर्टाजवळ नोटरीकडे दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र केलं, त्याने भागलं नाही, शेवटी मुंढव्याला पासपोर्ट री-इश्यूला टाकला. पहाटेपासून रांगेत, समोरच्या टपरीवरचे तीन चहा. सहा आठवडे गेले. आज रात्रीच दहावी, बारावी, इंजिनिअरिंग, आधार आणि पासपोर्ट डायनिंग टेबलावर शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोटाने लावून वाचा. लेकीला नव्हे, तुम्ही वाचा. स्वतःचं नाव माणूस वाचत नाही, नुसतं बघतो.

उगाच_मधे
धागा हायजॅक करत नाही, पण युकेला जाणाऱ्यांसाठी एक ओळ : तिथे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. एक दिवस कमी पडला तरी गेलं. मावसभावाने २६व्या दिवशी एफडी केली होती.

खवचट_पेठकर
मावसभाऊ आता काय करतो?

उगाच_मधे
हिंजवडीत आहे. विषय काढत नाही.

औंधकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री टेबलावर मांडले. दहावीवर तिच्या बाबांचं नाव बरोबर, बारावीवर बरोबर, पासपोर्टवर बरोबर. आधारवर माझ्या सासूबाईंनी सांगितलेलं लाडाचं नाव! आधार दुरुस्तीला ती शनिवारी जाते आहे. फ्लॅटचं भोगवटापत्र आहे, हे बघून अहो जरा सैल झाले. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं, त्यानंतर त्यांचे चार फोन आले, शेवटच्यात ९५ चे ६० झाले.

लेकीच्या यादीत ब्रेमेनही आहे. इथे रोज ब्रेमेन चौकातून स्कूटर नेते, म्हणून पहिलं तेच लिहिलं म्हणे. तिथे फी नाही असं तिने वाचलंय. कुणी तिथे शिकतंय का? खोली किती आधी शोधायला लागते, तेवढं सांगा.