ओपीडीतली बायोप्सी: दुखणं कमी कसं करता येईल?

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. माझ्या ताईची (वय ५१) गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी येत्या गुरुवारी पुन्हा करायची आहे. पहिल्या वेळी नमुना पुरेसा आला नाही.

तेव्हा "चिमटा काढल्यासारखं वाटेल" एवढंच सांगितलं होतं. बाहेर आली ती भिंत धरून, घामाने डबडबलेली. टेबलाची कड इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठले होते. कळवळली तर ऐकायला मिळालं, "दोन बाळंतपणं झालीत ना, मग एवढं काय?" ते तिच्या मनातून जातच नाही. आता नकोच म्हणते. पण अंगावरून जाणं थांबत नाहीये, तपासणी टाळून कसं चालेल?

तासभर आधी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेतात, पण तिला अल्सर होऊन गेलाय, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. गर्भाशयमुखाशी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा स्प्रे किंवा भुलीचं इंजेक्शनही देतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये सांगितलंय की अशा तपासण्यांआधी वेदना कमी करण्याचे पर्याय बाईसमोर ठेवायला हवेत. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

कुणी असं इंजेक्शन घेऊन बायोप्सी केली आहे का? ते इंजेक्शनच फार दुखतं का? पूर्ण भूल मागावी का? आणि "थांबा" म्हटलं की थांबाल ना, हे डॉक्टरांना आधीच कसं विचारायचं? बुधवारपर्यंत कळवलंत तर फार बरं होईल.