‘थ्रॉन’ या स्कॉट्स शब्दाला मराठीत काय म्हणावे?

वाचनखूण (प्रश्न):
रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची ‘थ्रॉन जॅनेट’ ही कथा मी मराठीत आणत आहे आणि शीर्षकाच्या पहिल्याच शब्दापाशी अडले आहे. ही कथा १८८१ मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये प्रथम छापून आली. बॉलवेअरी नावाच्या माळरानावरील गावात सूलिस नावाचा तरुण पाद्री येतो आणि जिला सारे गाव चेटकीण समजते त्या जॅनेटला घरकामाला ठेवतो. गावातल्या बायका तिला ओढत पाण्याकडे नेतात, पाद्री तिला सोडवतो आणि सैतानाशी आपला काही संबंध नाही असे सर्वांसमक्ष तिच्याकडून वदवून घेतो. दुसऱ्या दिवशी ती गावातून चालत येते तेव्हा तिची मान ‘थ्रॉन’ झालेली असते आणि डोके एका बाजूला कललेले असते, फासावर लटकवलेल्या माणसाचे असावे तसे. कोशात या शब्दाचे ‘पिळलेले, वाकडे’ आणि ‘हट्टी, आडमुठे’ असे दोन्ही अर्थ सापडतात. ‘वाकड्या मानेची जॅनेट’ हे शीर्षक मला फार फिके वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

माळरान:
हे दोन अर्थ वेगळे नाहीत, एकाच क्रियेतून निघालेले आहेत. स्कॉट्समध्ये ‘थ्रॉ’ म्हणजे पिळणे आणि ‘थ्रॉन’ हे त्याचे भूतकालवाचक विशेषण. इंग्रजीतले ‘थ्रो’ हे क्रियापद याच मुळाचे असून जुन्या इंग्रजीत त्याचाही अर्थ वळवणे, पिळणे असाच होता. पुढे इंग्रजीत फेकण्याचा अर्थ वरचढ झाला, तरी रेशमाच्या धाग्याला पीळ देणाऱ्या कारागिराला इंग्रजीत ‘थ्रोस्टर’ म्हणतात, त्यात तो जुना अर्थ शिल्लक आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र पीळ हाच मुख्य अर्थ राहिला. गवताचे दोर वळण्याच्या आकडीला तिकडे ‘थ्रॉ-क्रुक’ म्हणत. समजूत घालूनही जो वळत नाही अशा माणसालाही स्कॉटिश लोक आजही ‘थ्रॉन’ म्हणतात, आणि त्यात तक्रारीइतकेच कौतुकही असू शकते.

मराठीत हे सगळे एका शब्दात आधीपासून आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. आमच्या कोकणातल्या घरी आजोबा पडवीत बसून काथ्याचा सुंभ वळत असत. दोन पदर मांडीवर तळव्याने एकाच दिशेने वळून ते एकमेकांत उलट गुंतवायचे, म्हणजे प्रत्येक पदर उलगडायला बघतो आणि दुसरा त्याला अडवतो. त्याचा तुकडा चुलीत टाकला की राखेतही वळसे जसेच्या तसे दिसत, बोट लागेपर्यंत. दोराचा पीळ आणि स्वभावाचा पीळ या दोन गोष्टी मराठी माणसाला वेगळ्या करून सांगाव्या लागत नाहीत. ‘पीळ’ हाच शब्द घ्यावा, असे मला वाटते.

तांबडफुटी:
माळरान यांची व्युत्पत्ती पटते, पण एक अडचण मांडते. मराठीत पीळ बहुधा अभिमानाचा असतो. मिशांना पीळ देतात, शरीर पीळदार असते. जॅनेटच्या बाबतीत ती छटा घातक ठरेल. ‘मान मुरगळलेली’ असे का म्हणू नये? वाचकाच्या अंगावर काटा तरी येईल.

माळरान:
काटा येईल हे खरे, पण मुरगळणारा कोणीतरी असावा लागतो आणि तिथेच कथेचे नुकसान होते. जॅनेटची मान पाहून गाव म्हणते की हे भुताचे काम, आणि पाद्री प्रवचनात ठासून सांगतो की लोकांनी केलेल्या छळामुळे तिला पक्षाघाताचा झटका आला. कथेच्या मध्यापर्यंत वाचकाने या दोन्ही शक्यता धरून ठेवायच्या असतात. ‘थ्रॉन’ हा शब्द फक्त आकार सांगतो, कारण सांगत नाही. ‘मुरगळलेली’ म्हटले की गाव जिंकले, ‘लकव्याने वाकडी झालेली’ म्हटले की पाद्री जिंकला. ‘मानेला पीळ पडला होता’ या वाक्यात कर्ताच नाही, म्हणून तेथे कोणाचीच बाजू घेतली जात नाही. अभिमानाची छटा ‘पीळ देणे’ आणि ‘पीळदार’ यांत आहे; ‘पीळ पडणे’ यात ती मला जाणवत नाही.

तांबडफुटी:
हे मान्य. ‘पडणे’ या क्रियापदाकडे माझे लक्ष गेले नव्हते. वाचनखूण, आणखी एक सुचवते. या कथेची चौकट नेटक्या इंग्रजीत आहे आणि मूळ हकीकत गावातला एक वृद्ध माणूस स्कॉट्समध्ये सांगतो. हा भेद मराठीत राहिलाच पाहिजे. चौकट प्रमाण मराठीत आणि हकीकत बोलीत ठेवावी. मात्र अस्सल मालवणी किंवा वऱ्हाडी वापरली तर वाचक थेट कुडाळला किंवा अमरावतीला जाऊन पोहोचेल. लय बोलीची असावी आणि शब्द कुठल्याही खेड्यात चालतील असे असावेत. ‘थ्रॉन’चा प्रतिशब्द त्या म्हाताऱ्याच्या तोंडी शोभला पाहिजे, ही खरी कसोटी आहे.

वाचनखूण:
आपणा दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तो परिच्छेद मोठ्याने वाचून पाहिला. ‘मानंला पीळ पडल्याला, डोकं एका अंगाला’ हे म्हाताऱ्याच्या तोंडी सहज बसते. फक्त सुंभाची म्हण कथेत कुठेही येऊ न देण्याचे ठरवले आहे. १७१२ च्या ऑगस्टमधल्या त्या शेवटच्या रात्री जॅनेटचे शरीर पेट घेते आणि त्याची राख होऊन खाली पडते. तिथे मराठी वाचकाला ती म्हण आपोआप आठवेल आणि राखेतही काही उरले आहे असे वाटेल, जे मूळ कथेत नाही. शीर्षक सध्या ‘पीळ पडलेली जॅनेट’ असे लिहून ठेवले आहे.