मदत हवी आहे : नाशिकहून कळवणला जाताना दोन लहान मुलांसह सप्तशृंगी गड

मेअखेरचा शनिवार-रविवार. नाशिकहून कळवणला आत्याकडे मुक्काम, वाटेत नांदुरीहून गडावर दर्शन असा बेत आहे. सोबत साडेतीन वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. स्वतःची छोटी गाडी आहे, त्यामुळे एसटीचा प्रश्न नाही. पायऱ्या सुमारे पाचशे, म्हणून फ्युनिक्युलर ट्रॉलीनेच जाणार. ‘बाळाला घरी ठेवा’ हा सल्ला नको, ठेवायला कुणी नाही.

अडचण मुलीची आहे. घाटात तिला हमखास उलटी होते. मागच्या वेळी कसारा घाटात आलं-लिंबू, रिकामं पोट, खिडकी उघडी, सगळं करून पाहिलं. रिकाम्या पोटी तर जास्तच झाली! गोळी डॉक्टरांना विचारूनच देऊ.

आत्या म्हणते सकाळी गड उरकूनच जेवायला या. नवऱ्याच्या मते रविवारी परतताना, ऊन उतरल्यावर जावं. मला दोन्ही वेळच्या गर्दीची धास्ती.

लहान मुलं घेऊन मेमध्ये गेलेल्यांनी सांगा: शनिवारी सकाळी ट्रॉलीला रांग कमी असते की रविवारी संध्याकाळी? आणि रांगेजवळ बाळाला पाजायला सावलीची, जरा आडोशाची जागा मिळते का?